विहीणबाईंस, बिस्किटाच्या बाबतीत

शारजा,
मंगळवार दुपार

मोहतरमा जहांआरा विहीणबाई यांना हाफिजाचा मनापासून सलाम. अस्सलामु अलैकुम.

अल्लाहच्या मेहेरबानीने इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा (उजवा की डावा ते मला अजून नक्की कळलेलं नाही, कारण तुम्ही एकदा हा सांगितलात आणि एकदा तो) आता चालता-फिरता झाला असेल अशी आशा करते. साखर कशी आहे? चहात साखर घालणं तुम्ही बंद केलंत असं सुमैय्या सांगत होती, आणि चहाबरोबर नानकटाई चालू आहे हेही तीच सांगत होती. हाताने लिहिलेला कागद बघून तुम्ही आधी घाबराल, म्हणून सुरुवातीलाच सांगते की कुणी आजारी नाही आणि कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुमच्यापुढे माझं एकही वाक्य पुरं होत नाही. दापोलीकडच्या मराठी शाळेत मी सारी नोकरी पोरांना गप्प बसवण्यात काढली, पण तुमच्यापुढे माझी डाळ शिजत नाही. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही. अक्रमच्या गॅरेजमधला एक जण उद्या सुट्टीवर श्रीवर्धनला निघाला आहे, त्याच्या हाती हे पाठवते. सोबत गुडघ्याचा बाम, टँगचा डबा आणि बदाम आहेत. बदामाची पिशवी फुटलेली नाही ना ते त्याच्यासमोरच बघून घ्या, गृहस्थ वाटेत खाणारा दिसतो.

आता मुद्द्यावर येते. त्या घरात एक तर साप राहील नाहीतर मी येईन, असं तुम्ही सुमैय्याला सांगितलंत. मी शेजारीच भेंडी चिरत बसले होते. फोन तिच्या कानाला होता, तरी तुमचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं, स्वयंपाकघराच्या पलीकडे अक्रमलाही आलं. आपल्या दोघींची पद्धत दुआ जन्मल्यापासून चालत आली आहे. तुम्ही व्हिसावर येऊन राहता, तुमची मुदत संपली की मी येते, माझी संपली की पुन्हा तुम्ही. अक्रम याला शिफ्ट ड्यूटी म्हणतो (आईला आणि सासूला असं म्हणणारा मुलगा गॅरेजमध्येच शोभतो). सुमैय्या सकाळी लवकर कंपनीच्या बसने जबल अलीला जाते. अक्रमचं इंडस्ट्रियल एरियातून परत यायचं काही खरं नसतं. शाळेची व्हॅन दुआला खाली आणून सोडते तेव्हा घरातलं मोठं माणूस उभं नसेल तर व्हॅनमधली बाई मुलीला उतरूच देत नाही. म्हणजे आपल्यापैकी एकीने इथे असणं भाग आहे. माझा व्हिसा या महिनाअखेर संपतो. तुम्ही आला नाहीत तर सुमैय्याची नोकरी जाते, आणि साप घालवला तर दुआचं काय होतं ते पुढे लिहिते. तुम्ही यावं म्हणून गळ घालायला मी हे लिहीत नाही. येणं न येणं तुमच्या मर्जीवर आहे. फक्त ज्याच्यामुळे येत नाही म्हणता तो कोण आहे, हे तुम्हाला माहीत असावं एवढंच मला वाटतं.

तुमच्यापर्यंत जो साप पोहोचला तो आणि आमच्याकडचा, यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही. झालं असं, की मी गावी आमच्या यांना, म्हणजे तुमच्या व्याह्यांना, फोनवर सांगितलं की दुआने साप पाळलाय, हातभर लांब, लाटण्याएवढा जाड, शेपटी बोथट, आणि तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते चटकन कळत नाही. मोहिद्दीन म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणाले ‘मांडूळ!’ आणि असलं फोनवर बोलू नकोस म्हणून फोन ठेवून दिला. (आपल्याकडे मांडूळ बाळगणाऱ्याला पोलीस धरतात, आणि मांडुळाने घरात धन येतं असं मानणारे शहाणेही आपल्याकडेच आहेत. यांना दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या.) फोन ठेवून ते तडक मशिदीसमोरच्या चहाच्या दुकानात गेले आणि गुपित म्हणून ही गोष्ट तिथल्या सगळ्यांना सांगितली. गावातून निघतानाच त्या सापाला दुसरं तोंड फुटलं. बाणकोटची खाडी ओलांडताना फणा आला. तुमच्या दारात पोहोचला तेव्हा त्याच्यामागून अक्रमच्या नव्या बंगल्याची बातमीही आली म्हणे. तर बंगला नाही. आमच्या न्हाणीघराचं दार अजूनही वर उचलल्याशिवाय लागत नाही. आणि हे आपल्याकडचं मांडूळही नव्हे. दुआ सांगते की तो त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ आहे, वाळूत पुरून घेऊन राहणारा. रानातून धरलेला नाही, दुकानातच जन्मलेला, विष नाही, फणा नाही, आणि तोंड एकच आहे. नाव बिस्किट. रंगावरून ठेवलंय.

तो घरी कसा आला तेही ऐका. इथून कायमचा परत जाणारा माणूस संसार विमानात घालून नेऊ शकत नाही, म्हणून जाताना ओळखीच्यांना वाटून जातो. कुणाला पडद्यांचे गज, कुणाला इस्त्रीचं टेबल, कुणाला कुंड्या. अक्रमचं एक जुनं गिऱ्हाईक असंच गाशा गुंडाळून निघालं होतं. त्याने अक्रमला बोलावलं, काय हवं ते ने म्हणाला. अक्रम चपलांचं रॅक आणायला गेला आणि रॅकबरोबर वाळूने अर्धी भरलेली काचेची पेटी घेऊन आला. दुआ सोबत गेली होती, तिला आत काय आहे ते माहीत होतं. सुमैय्याला जेवताना कळलं. मला मात्र शोभेची वाळू आहे असं सांगण्यात आलं. म्हातारीला धक्का बसेल, यावर तिघांचं एकमत झालं होतं. (आमच्या शाळेत साप निघाला की हेडमास्तर बाकावर चढायचे आणि मला हाक मारायचे, हे अक्रमला चांगलं ठाऊक आहे. पण आई परदेशात आली की तिचं आधीचं आयुष्य कुणी जमेला धरत नाही.)

पेटी ठेवली दुआच्या खोलीत, जिथे माझीही खाट आहे आणि तुमचीही असते. स्वच्छ, बारीक, चाळून घेतल्यासारखी वाळू, आणि वर ऊब द्यायला दिवा. विहीणबाई, तुम्ही राहिला आहात इथे, तुम्हाला कळेल. दिवसचे दिवस हाताला माती लागत नाही. बाल्कनीत एसीचं धूड आणि कपडे वाळत घालायचा स्टँड, कुंडी ठेवायला जागा नाही. बाहेर एवढी वाळू पडलेली असताना घरात आणखी शोभेला कशाला, हे मला कळलं नाही, पण मुलाच्या संसारात मी नाक खुपसत नाही. तरी ती वाळू नुसती पडून राहिलेली मला बघवेना. आपल्याकडे समुद्राच्या वाळूत ती बारकी मेथी करतात, बोटभर जुड्यांची, ती मला आठवली. मसाल्याच्या डब्यातून मूठभर मेथ्या घेतल्या, भिजवल्या, दुआ खाली खेळायला गेली तेव्हा वाळूत पेरल्या, वरून हात फिरवला आणि पाणी शिंपडलं. मग सकाळ-संध्याकाळ शिंपडत राहिले. वाळू मध्येच कुठेतरी हलल्यासारखी वाटायची, तेव्हा मी म्हणायचे, कोंब जोर करतोय.

आता गंमत बघा. वाळू ओली का होते ते कुणाला कळेना. दुआने शोध लावला, “बाबा, ही पीज अ लॉट,” म्हणजे तो फार शू करतो. अक्रमला ते पटलं नाही. त्याने एसी गळतोय असं ठरवलं आणि एसीवाल्याला बोलावलं. त्या बिचाऱ्याने एसी पूर्ण खोलला, पुसला, परत लावला, गळती सापडली नाही म्हणून गॅस भरून घ्या असं सांगून गेला. मी त्याला चहा दिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण शोभेच्या वाळूत भाजी लावली म्हणून ही मंडळी रागावतील अशी मला धास्ती होती. म्हणजे एकाच खोलीत ते माझ्यापासून साप लपवत होते आणि मी त्यांच्यापासून मेथी. शेवटी हिरवी पानं वर आली. (त्या वेळी दुआला तापाची कणकण होती म्हणून ती आईच्या खोलीत झोपत होती, नाहीतर तिने आधीच पाहिलं असतं.) मला इतका आनंद झाला की काय सांगू. बिस्मिल्ला म्हणून मी पहिली जुडी उपटायला हात घातला, तर एक सबंध ओळच्या ओळ बाजूला सरकली आणि काहीतरी गुळगुळीत, कोमट, माझ्या बोटाभोवती सावकाश फिरलं. मी ओरडले नाही. हात काढला, साबणाने धुतला, बाहेर आले आणि सुमैय्याला विचारलं की वाळूत काय आहे. ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, ते काही नाही आत्ता माझ्या बोटाला लागलं.

मग सगळं बाहेर आलं. बिस्किटाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण ओलीमुळे त्याची कात धड सुटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, याला कोरडं ठेवा, एवढं पाणी घालतं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. वाळू बदलली, बिस्किट चार दिवसांत ठणठणीत झाला, आणि अक्रमने मला आईस्क्रीमच्या डब्यात माती आणून दिली, की यात काय लावायचं ते लाव. त्या पहिल्या मेथीचं काय झालं ते विचारू नका. अक्रमने दोनदा मागून खाल्ली.

आता त्याच्या स्वभावाविषयी. स्वभाव म्हणाल तर असा पाहुणा घरात असून नसल्यासारखा. दिवसभर वाळूखाली. फार तर नाकाचं टोक आणि दोन डोळे वर, तेही नीट बघितलं तर. चावत नाही, फुत्कारत नाही, खर्च मागत नाही, कुणाच्या मध्ये बोलत नाही (हे कुणाला उद्देशून नाही). त्याची खरी अडचण एकच, तो कुणाला दिसत नाही. अक्रमच्या गॅरेजची मंडळी शुक्रवारी खास साप बघायला आली. पेटीभोवती दाटीवाटीने उभी राहिली. वाळू बघितली. कुणी म्हणालं तिकडे हललं, कुणी म्हणालं इकडे. मी सर्वांना चहा आणि सांदण दिलं. निघताना एक जण मान हलवत म्हणाला, “माशाल्ला, जबरदस्त आहे.” त्याने काय पाहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर मी पाहुण्यांना आधी चहा देते आणि मग वाळू दाखवते, म्हणजे त्यांचा हिरमोड होत नाही.

वरच्या मजल्यावरच्या छायाताई तुम्हाला आठवत असतील, पुण्याच्या, ज्यांनी तुम्हाला पुरणपोळी शिकवली आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की यात अंडं घातलं तर चांगली फुगेल. त्यांना साप कळला तशा त्या नागपंचमीला दुधाची वाटी, लाह्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या. दारातच थांबल्या, आणि तुमच्याकडे चालेल ना, असं अवघडून विचारलं. मी म्हटलं, चालायला काय झालं, पण हा नाग नव्हे आणि साप दूध पीत नाहीत, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं आहे. त्या म्हणाल्या, मलाही माहीत आहे हो, पण आज घरात साप असताना नमस्कार न करता मी कामाला कशी जाऊ. हेही बरोबर होतं. मग आम्ही मधला मार्ग काढला. दूध दुआ प्यायली. लाह्या मी आणि छायाताईंनी खाल्ल्या. हळदकुंकू त्यांनी काचेला बाहेरून बोट लावून वाहिलं आणि हात जोडले. बिस्किट काही वर आला नाही. छायाताईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, आमचे देवही असे लगेच दर्शन कुठे देतात. तो काचेवरचा ठिपका अजून आहे, सुमैय्या पुसायला गेली की दुआ पुसू देत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आठवड्याला एकदा, तेही बर्फातलं उंदराचं पिल्लू, आपल्या करंगळीच्या पेराएवढं. दुकानातून गोठवलेलं मिळतं, ते कोमट पाण्यात ठेवून, बर्फ उतरला की चिमट्याने द्यायचं. वाचून तुम्ही नाक मुरडलं असेल, मीही मुरडलं होतं. ही पिल्लं आमच्या फ्रीजरमध्ये वरच्या खणात आईस्क्रीमच्या डब्यात असतात. आपल्या लोकांच्या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम कधीच नसतं, हे सर्वांना माहीत असतं, त्यामुळे उघडायला कुणी जात नाही, असा सुमैय्याचा हिशेब. हिशेब चांगला होता, पण तुम्ही कोलंबी सुकवून पाठवलेले सोडेही तिने अगदी तसल्याच डब्यात, त्याच खणात ठेवले होते. एका दुपारी मी सोड्याचं कालवण करायला घेतलं. कांदा लालसर झाला, आलं-लसूण पडलं, आणि मी एका हाताने डबा उघडून पातेल्यावर धरला. नशीब माझं की चष्मा नाकावर होता. तेव्हापासून एका डब्यावर ‘सोडे’ आणि दुसऱ्यावर ‘बिस्किट’ असं ठळक अक्षरात मीच लिहून चिकटवलं. त्यामुळे नवी पंचाईत झाली. छायाताई एकदा चहाला आल्या आणि स्वतःच बिस्किटं काढून घ्यायला उठल्या. त्यांना हात धरून खाली बसवलं. अक्रमने एकदा गंमत म्हणून बिस्किटाला तुमचा सोडा चिमट्यात धरून दिला. त्याने हुंगलं, मागे सरकला आणि वाळूत गेला. मी त्याला सांगितलं की श्रीवर्धनचा माल आहे, तरी ऐकेना. मला तुमच्यासाठी वाईट वाटलं.

आता दुआबद्दल. हे मी हसत लिहिणार नाही. तुम्ही मागच्या खेपेला गेलात त्यानंतर तिची शाळा बदलली, ते तुम्हाला माहीत आहे. नव्या शाळेत तिचं कुणाशी जमलं नाही. मी आले तेव्हा ती घरी येऊन दप्तर टाकायची, जेवायची आणि खोलीत जाऊन पडायची. काय झालं विचारलं की “नथिंग, दादी.” जेवायला काय करू विचारलं की “एनीथिंग.” तिचं इंग्रजी मला कळतं, माझं मराठी तिला कळतं, पण बोलायला काही विषयच नव्हता. मला वाटायचं, एवढ्या लांब येऊन मी हिच्यासाठी फक्त भात लावते. बिस्किट उघड झाल्यापासून हे बदललं. त्याला किती वाजता भूक लागते, त्याला कान का नाहीत, तो वाळूत श्वास कसा घेतो, हे सगळं ती मला सांगायची, आणि एखादी गोष्ट मला पटली नाही की हात धरून पेटीसमोर नेऊन बसवायची. सगळी सुट्टी आम्ही दोघींनी तिथे काढली. एकदा मी म्हटलं, हा दिवसभर झोपा काढतो, तर मला म्हणाली, “ही इज नॉट स्लीपिंग, दादी. ही इज शाय.” आणि मग पहिल्यांदा, स्वतःहून, तिने मला शाळेचं सांगितलं. मधल्या सुट्टीत ती एकटी कुठे बसते ते सांगितलं. विहीणबाई, मी शिक्षिका होते, वर्गातली अशी मुलं मला लांबून ओळखू यायची, आणि माझ्याच नातीचं मला कळलं नव्हतं. शाळा सुरू झाली तेव्हा तिने वर्गात बिस्किटाबद्दल सांगितलं. दोन मुली बघायला घरी आल्या. वाळूच बघितली म्हणा, पण पुन्हा आल्या.

म्हणून मी एवढंच म्हणते की तुम्ही या तेव्हा मनात काही धरून येऊ नका. तुमची खाट मी खिडकीकडे सरकवली आहे, पेटी दुसऱ्या भिंतीला आहे. तुम्हाला त्याला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, दुआ सगळं करते. आपण फक्त विचारायचं, आज जेवला का. एवढं विचारलं तरी ती अर्धा तास बोलते. मराठी शब्द अडला की माझ्याकडे बघते, आणि मी मुद्दाम लगेच सांगत नाही.

घरातल्या सर्वांना सलाम सांगा. औषध वेळेवर घ्या. कमी-जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. तुमच्या येण्याची तयारी सुखाची होवो, आमीन.

आपली,
हाफिजा

ता. क. १. आलात तर येताना आमसुलं आणि तांदळाचं पीठ आणा. इथे मिळतं, पण मनासारखं नाही. सोडे आणू नका, अजून आहेत, आणि तो डबा उघडायला मला हल्ली धीर होत नाही.

ता. क. २. हेडमास्तर मला हाक मारायचे ते खरं आहे. मी शिपायाला पाठवायचे तेही खरं आहे. आणि मेथीच्या वेळी मी ओरडले नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. छायाताई वरच्या मजल्यावरून खाली धावत आल्या होत्या. मला अजूनही त्याची भीती वाटते. पेटीच्या झाकणावर मी रोज प्रेशर कुकर ठेवून झोपायचे. तेव्हा तुम्हाला भीती वाटते यात मला नवल नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला हसणार नाही.

ता. क. ३. बिस्किट घरात नाही. तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमैय्याने त्याला दुकानात नेऊन दिलं. हे पत्र मी रिकाम्या पेटीसमोर बसून लिहिलं. साप गेला असं आधीच लिहिलं असतं, तर बरं झालं म्हणून तुम्ही पत्र तिथेच मिटलं असतं, म्हणून लिहिलं नाही. सुमैय्याला दोष देऊ नका. तिला नोकरी टिकवायची आहे आणि त्यासाठी सापापेक्षा आई जास्त लागते, हे कुणालाही कळेल. दुकानदार भला आहे, या शनिवारपर्यंत कुणाला विकत नाही म्हणाला. दुआ रडली नाही. “इट्स ओके” म्हणाली, वरचा दिवा स्वतः बंद केला, आणि तेव्हापासून पुन्हा जेवायला “एनीथिंग.” काल मी विचारलं, त्या मुली येणार आहेत का. म्हणाली, आता कशाला येतील. विहीणबाई, मला हे सहन होत नाही. मी सुमैय्याला सांगू शकते, पण सासूने सांगितलं की ती ऐकते आणि मनात ठेवते. आईने सांगितलं की भांडते, पण करते. हे काम माझ्याने होणार नाही, तुमच्यानेच होईल. तुमची अट तुम्हीच मागे घ्या. भीती वाटत असेल तरी वाटत नाही म्हणा, मी नाही का म्हटलं वर पानभर. पत्र गुरुवारी तुमच्या हाती पडेल. सुमैय्या संध्याकाळी सातनंतर घरी असते आणि दुआ तिच्याशेजारीच बसलेली असते. तेव्हा फोन करा, आणि सुमैय्याशी नको, आधी दुआशी बोला. तिला विचारा, बिस्किट जेवला का.